गाडीखाली शिरण्याआधी : घरी कारची दुरुस्ती-देखभाल करताना घ्यायची खबरदारी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या नाशिककराच्या घरी पान्यांची पेटी नाही, असे सहसा होत नाही. कोणता रिंग पाना कोणत्या नटाला बसेल हे तो नजरेने ओळखतो, आटे गेले आहेत की नट नुसता गंजला आहे हे त्याच्या बोटांना कळते, आणि म्हणूनच रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून ऑइल बदलणे किंवा ब्रेक पॅड तपासणे त्याला अवघड वाटत नाही. मी स्वतः अंबडमधील एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात २२ वर्षे काढली आणि गाडीची बरीचशी किरकोळ कामे घरीच करत आलो. दुरुस्ती कशी करावी हे येथे सांगायचे नाही. हाताला काम येत असलेल्या माणसालाच घरी अपघात का होतो आणि तो कसा टाळावा, एवढेच मांडायचे आहे.

कारखान्यात यंत्राला हात लावण्याआधी त्याचा मेन स्विच बंद करून त्यावर कुलूप घालतात आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. हवेच्या लाइनमधला दाब सोडून देतात, वर अधांतरी राहिलेला भाग खाली उतरवतात किंवा त्याला टेकू देतात, ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवतात आणि मगच पहिला पाना लागतो. कारण बंद केलेल्या यंत्रातही वजन, उष्णता, दाब, वीज किंवा ताणलेली स्प्रिंग यांच्या रूपाने ताकद शिल्लक असते आणि ती निघून गेल्याची खात्री करावी लागते. कारमध्ये या पाचही गोष्टी आहेत, शिवाय टाकीत इंधन आहे. घरी मात्र काम सुरू करण्याच्या परवान्यावर सही मागणारा सुपरवायझर नसतो. त्यामुळे प्रत्येक कामाआधी स्वतःलाच विचारावे लागते, की ज्या भागाला मी हात लावणार आहे त्यात अजून काय साठून राहिले आहे आणि ते मी मोकळे कसे करणार किंवा धरून कसे ठेवणार. पुढची सगळी खबरदारी या एका प्रश्नातून निघते.

गाडीचे वजन

छोट्या हॅचबॅकचेही वजन साधारण ७५० ते १००० किलो भरते आणि इंजिन व गिअरबॉक्स पुढे असल्यामुळे त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर असतो. गाडीसोबत मिळणारा कात्रीसारखा उघडणारा जॅक हा रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याचा तळ तळहाताएवढा असतो, बाजूने थोडासा धक्का बसला तरी तो कलंडू शकतो, आणि म्हणून त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके, छाती किंवा नुसता हातही घालू नये. ‘दोन मिनिटांचेच काम आहे’ हे कारण येथे चालत नाही. चाकांचा हायड्रॉलिक जॅक घेतला तरी नियम बदलत नाही, कारण त्यातले वजन तेलाच्या दाबावर आणि एका रबरी सीलवर पेललेले असते, आणि सील जाण्याआधी सूचना देत नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी जॅक स्टँड असतात. गाडीच्या वजनाला पुरतील असे, खटके किंवा पिन नीट बसणारे दोन स्टँड घेतल्याशिवाय गाडीखालचे कोणतेही काम घरी सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेची निवड तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत तळमजल्याच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण हँडब्रेक सोडला की गाडी हळूहळू सरकू लागते. फरशीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली तर उतार लगेच कळतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग उरत नाही. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत पुढचे एकच चाक उचलले तर गिअरमध्ये ठेवूनही गाडी अडून राहत नाही, कारण डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, अधांतरी चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होते. म्हणून हँडब्रेक आणि गिअर लावलेले असले तरी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत. विटा वापरू नयेत. वजन आले की वीट फुटते आणि तिचे तुकडे चाकाबरोबरच पुढे घरंगळतात.

पंधरा-एक वर्षांपूर्वी, जुलैच्या एका उघडिपीच्या दिवशी, पाथर्डी फाट्याच्या बाजूला माझ्या नातेवाइकांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत मी पुढचे चाक काढून ब्रेक पाहत होतो. वरून जमीन वाळलेली दिसत होती, पण ती काळी माती होती आणि खाली ओल होती. चाक काढून मी कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचा, खालचा बोल्ट सैल करत असताना मडगार्डची कड माझ्या डोळ्यांसमोर खाली येत असल्याचा भास झाला. भास नव्हता. जॅकच्या तळाची एक बाजू मातीत रुतत होती, दुसरी वर उचलली जात होती, आणि हे सगळे इतके सावकाश आणि आवाज न करता चालले होते की मी हात मागे घेतला तेव्हा जॅक निम्मा कलंडला होता. काढलेले चाक मी सवयीने दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवले होते, त्यावर गाडी येऊन टेकली. टायरला खरचटले आणि पट्टीला पोचा आला, तेवढ्यावर निभावले. तेव्हापासून मातीवर किंवा उन्हाने मऊ पडलेल्या डांबरावर जॅक लावायची वेळ आली तर त्याखाली किमान दीड-दोन इंच जाडीची रुंद फळी टाकल्याशिवाय मी हँडल फिरवत नाही, आणि गाडीखालचे खरे काम तर सिमेंटच्या पक्क्या जमिनीवरच करतो.

क्रम असा ठेवावा. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट फक्त सैल करावेत, कारण उचललेल्या गाडीवर पान्याला झटका देणे म्हणजे जॅकला धक्का देणे होय. जॅक आणि स्टँड कोठे लावायचे त्या जागा गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेल्या असतात. ऑइल पॅन, गिअरबॉक्स किंवा पातळ पत्र्याचा तळ या त्या जागा नव्हेत. स्टँडवर गाडी उतरवल्यावर, खाली शिरण्यापूर्वी, बाहेर उभे राहून बॉडीला दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहावे. पडायची असेल तर ती तेव्हाच पडू द्यावी. काढलेले चाक खाली सरकवून ठेवावे, घरातल्या एका माणसाला आपण गाडीखाली आहोत हे सांगून ठेवावे, आणि पार्किंगमध्ये खेळणारी मुले तेवढा वेळ दुसरीकडे खेळतील हे पाहावे. पुश बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली खिशात न ठेवता घरात नेऊन ठेवावी. कारखान्यातल्या कुलपाची जागा घरी तीच घेते.

उष्णता आणि दाब

कसारा घाट चढून इगतपुरीला थांबलेल्या गाड्यांमध्ये, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. अशा वेळी रेडिएटरचे झाकण उघडून पाणी ओतण्याची घाई होते आणि चेहरा, मान व हात भाजतात. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातले पाणी येथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक बारने जास्त ठेवते, त्यामुळे आतले पाणी १२० अंशांच्या जवळ जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच हा दाब नाहीसा होतो, आणि एवढे तापलेले पाणी त्याच क्षणी उकळून त्यातल्या काही भागाची वाफ होते. ती वाफ उरलेले पाणी सोबत घेऊन झाकणाच्या तोंडातून वर उसळते. जाड फडके धरून झाकण उघडले तरी त्याचे कारंजे अडत नाही. इंजिन बंद करून किमान एक तास थांबावे, वरचा रबरी पाइप हाताला गार लागतो का आणि दाबला तर मऊ लागतो का ते पाहावे, आणि नंतरच झाकण पहिल्या खटक्यापर्यंत फिरवून उरलेला दाब जाऊ द्यावा. रोजच्या तपासणीसाठी झाकण उघडण्याची गरजच नसते, बाजूच्या पांढऱ्या टाकीवरील खुणांवरून पातळी कळते.

रेडिएटरच्या पंख्याबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. काही गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही इंजिन गरम असेल तर पंखा आपोआप सुरू होतो. इंजिन बंद आहे म्हणून त्या पात्यांमध्ये बोटे घालू नयेत. तेथे काम करायचेच असेल तर पंख्याचा कनेक्टर काढावा किंवा बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी.

रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेल्या कूलंटमधले इथिलीन ग्लायकोल विषारी असते आणि चवीला गोड लागते. पार्किंगमध्ये त्याचे थारोळे सोडून दिले तर कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि रिकाम्या सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेले कूलंट लहान मुलाच्या हाती लागू शकते. सांडलेले लगेच पुसून जागा धुवावी, उरलेले मूळ डब्यातच ठेवावे.

डिझेल गाड्यांच्या बाबतीत मला थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण या शहराचा डिझेल इंजेक्टरशी, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाशी, जुना संबंध आहे. पूर्वी मायको आणि आता बॉश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातपूरच्या कारखान्यामुळे इंजेक्टर, नोझल हे शब्द येथील असंख्य घरांत बोलले जातात. कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनात डिझेल १६०० ते २००० बार दाबाने इंजेक्टरपर्यंत पोहोचते. एवढ्या दाबाच्या पाइपला सुईच्या टोकाएवढी चीर पडली तर निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. इंजिन चालू असताना गळती कोठून होते हे बोट फिरवून कधीही शोधू नये. लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. इंजिन बंद केल्यानंतरही रेलमधील दाब उतरण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेला वेळ द्यावा लागतो आणि उच्च दाबाच्या पाइपचे नट सैल करण्याचे काम तर प्रशिक्षित मेकॅनिककडेच सोपवावे. धार बोटात घुसल्यावर सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि दुखतही नाही. तरीही तातडीने मोठ्या रुग्णालयात जाऊन ‘दाबाखालचे डिझेल आत शिरले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण उशीर झाल्यास बोट वाचवणे कठीण होते.

एसीचे पाइप घरी उघडू नयेत. त्यातला वायू दाबाखाली असतो आणि बाहेर पडताना इतका थंड होतो की कातडीला आणि डोळ्यांना हिमदाह होतो. एवढे एसीबद्दल पुरे.

बॅटरी आणि एअरबॅग

बारा व्होल्टने झटका बसत नाही, हे खरे असले तरी त्यामुळेच बॅटरीकडे दुर्लक्ष होते. तिच्या दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. बोटातली अंगठी, हातातले कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ त्या मार्गात आले तर कातडी हाडापर्यंत भाजते. बॉनेट उघडण्याआधी हे सगळे उतरवून ठेवावे. निगेटिव्ह तार आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. गाडीची संपूर्ण बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, म्हणून पॉझिटिव्हचा नट आधी सैल करायला घेतला आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. निगेटिव्ह तार आधीच सुटलेली असेल तर पाना कोठेही टेकला तरी काही होत नाही.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगी पुरते. बंद खोलीत बॅटरी चार्ज करू नये, आणि पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी किंवा लायटर तर मुळीच पेटवू नये. आत सौम्य केलेले सल्फ्युरिक आम्ल असते. चष्मा लावूनच काम करावे, सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकून पाण्याने धुवावे. डोळ्यात उडाले तर मात्र सोडा नाही, दुसरे काही नाही, फक्त स्वच्छ पाण्याची सौम्य धार किमान १५ ते २० मिनिटे सोडावी आणि नंतर डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करताना लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी आणि तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावावे, कारण शेवटच्या जोडणीलाच ठिणगी उडते.

भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि त्यानंतर शेजारच्या आसनासाठीही ती आली. त्यामुळे आता डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंगचे साधे काम काढले तरी एअरबॅगच्या तारा हाताशी येतात. त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. पिवळे दिसले की थांबावे, इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि पुस्तिकेत दिलेला वेळ जाऊ द्यावा, कारण बॅटरी सुटल्यावरही एअरबॅग फोडण्यापुरती वीज कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) काही काळ शिल्लक राहते. त्या तारांना मल्टिमीटर लावू नये, कारण त्याच्या चाचणीच्या प्रवाहानेही एअरबॅग उडू शकते.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड केबल म्हणजे शेकडो व्होल्टची लाइन. तेथे घरगुती कौशल्याची हद्द संपते. टायर, वायपर, वॉशरचे पाणी, केबिनचा फिल्टर एवढी कामे घरी करावीत आणि नारिंगी केबलजवळचे काहीही प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे न्यावे.

पावसाळ्यात ओल्या फरशीवर २३० व्होल्टचा हातदिवा घेऊन गाडीखाली जाणे हा वेगळाच धोका आहे. चार्जिंगचा एलईडी दिवा स्वस्तात मिळतो, तो वापरावा. ड्रिल किंवा प्रेशर वॉशर लावायचा असेल तर लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असल्याची खात्री करावी.

इंधन, सीएनजी आणि धूर

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि ती वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही तयार होत असते. आपल्याकडच्या हवेत उघडे पेट्रोल म्हणजे सतत पेट घेण्याजोगी वाफ, असेच समजावे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत पसरते, उतारावरून वाहते आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साठून राहते. पाच-सात पावलांवरचा पाण्याच्या मोटारीचा स्विच तिला पेटवू शकतो. म्हणून वाटीत पेट्रोल घेऊन सुटे भाग धुण्याची आणि ग्रीसचे हात पेट्रोलने चोळण्याची जुनी सवय सोडावी, त्यासाठी डीग्रीझर आणि हात धुण्याची पेस्ट वापरावी. नळीला तोंड लावून टाकीतून पेट्रोल ओढू नये. चुकून गिळले गेले तर उलटी करवू नये, कारण उलटीतून ते फुप्फुसात गेले तर अधिक घातक ठरते; थेट रुग्णालयात न्यावे.

सीएनजीचे सिलिंडर २०० बार दाबाने भरलेले असते आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) करणे बंधनकारक आहे. घरी काम करण्याआधी प्लेटवरची तारीख पाहावी, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. गळतीचा संशय आला तर जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावे. पाइप, रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह स्वतः उघडू नये. गॅसचा वास येत असताना दिव्याचे बटण दाबू नये, गाडी सुरू करू नये, दारे उघडून लांब व्हावे.

इंजिन चालू ठेवून काम करायचे असेल तर गाडी मोकळ्या हवेत आणावी. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे उन्हाची किंवा उपाशीपोटी काम केल्याची वाटतात आणि माणूस तेथेच थोडा वेळ बसतो. त्या बसण्यातच जीव जातो. थंडीच्या पहाटे दार बंद करून इंजिन गरम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

काम सुरू करण्याआधी कोरड्या पावडरचे एबीसी प्रकारचे दोन किंवा चार किलोचे अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवावे. पेट्रोल किंवा ऑइलच्या आगीवर पाणी ओतू नये, आग पाण्यावर तरंगत पसरते. बॉनेटखाली आग लागल्यास बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळताच ज्वाळा बाहेर येतात. फटीतून पावडर मारावी. एका नळकांड्यात आग आटोक्यात आली नाही तर लांब व्हावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे.

ब्रेक आणि सस्पेन्शन

ब्रेकच्या कामातली चूक काम करताना दिसत नाही, ती सप्तशृंगी गडाच्या घाटातून नांदुरीकडे उतरताना दिसते. म्हणून ज्याने हे काम कोणा जाणकाराच्या हाताखाली दोन-चार वेळा केलेले नाही त्याने ते एकट्याने करू नये.

ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आत साचलेली काळी धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकू नये. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी नसल्याने जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ते असण्याची शक्यता गृहीत धरावी. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे आणि मास्क लावावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर त्याची मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ते ऑइल उकळून पेडल पोकळ होते. उघडून ठेवलेली जुनी बाटली म्हणूनच वापरू नये. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकूनही पडू देऊ नये, रबरी सील फुगतात आणि संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला जातो. त्यानंतरचे पहिले एक-दोन पेडल रिकामेच खाली जातात. गाडी जागेवरच असताना पेडल घट्ट लागेपर्यंत मारावे, ऑइलची पातळी पाहावी आणि नंतरच गिअर टाकावा. हे विसरून गाडी मागे घेणाऱ्याचा पाय पेडलवर असतो आणि गाडी थांबत नाही.

शॉकॲब्सॉर्बरभोवतीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिचा वरचा नट सोडला तर ती बंदुकीसारखी सुटते. हे काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजचे आहे.

कपडे, हत्यारे आणि हात

सैल बाह्या, गळ्यातला रुमाल, ओढणी, मोकळे केस हे फिरणाऱ्या बेल्टजवळ जाता कामा नयेत. नायट्राइलचे हातमोजे ऑइलच्या कामाला उत्तम, कारण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाशी संबंध असलेले घटक असतात आणि ते कातडीवर वर्षानुवर्षे लागू देणे योग्य नाही. इंजिन चालू असताना बेल्टजवळ मात्र मोजेसुद्धा घालू नयेत, मोजा ओढला गेला तर बोटही त्याच्याबरोबर जाते. चपलेवर काम करू नये. गाडीखाली झोपून वर पाहताना गंजाचे कण थेट डोळ्यात पडतात, त्यासाठी साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी झाकणारा सुरक्षा चष्मा लागतो.

खंडेनवमीला आपण पाने, पकडी, जॅक स्वच्छ करून पूजेत मांडतो. माझ्या घरी त्याच दिवशी त्यांची तपासणीही होते: तोंड पसरलेला पाना बाजूला काढतो, कारण तो नटावरून निसटून बोटांची पेरे फोडतो, डोक्यावर फुगवटा आलेली छिन्नी घासून घेतो, नाहीतर घाव बसताच कपची उडते, जॅकखाली तेलाचा ओघळ दिसला तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरत नाही, अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहतो. वर्षातला एक दिवस ठरलेला असला की हे राहून जात नाही.

भाजल्यास त्या जागेवर नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडावे; टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नये. माणूस गाडीखाली सापडला तर आपणही घाईने खाली न शिरता आधी जॅकने गाडी उचलून टेकू द्यावा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगावे. हे क्रमांक पार्किंगच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यास सोसायटीने हरकत घेण्याचे कारण नाही.

काम संपल्यावर

काढलेले ऑइल डब्यात घट्ट बंद करावे. ते गटारात ओतले की नासर्डीत आणि तेथून गोदावरीत जाते, आणि आपण ज्या नदीच्या काठी राहतो तिच्यात ते जाऊ देणे मला अक्षम्य वाटते. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ते गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. जुनी बॅटरी नवीन घेताना विक्रेत्याला परत करावी. ऑइल लागलेली फडकी ढीग करून कोपऱ्यात ठेवू नयेत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

गाडी खाली उतरवण्याआधी हत्यारे मोजावीत. पेटीत एक पाना कमी असेल तर तो बहुधा इंजिनावर किंवा बेल्टच्या वाटेत पडलेला असतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला द्यावा. पाइप लावून अंगाच्या वजनाने आवळलेला नट कमी आवळलेल्या नटाइतकाच धोक्याचा असतो, कारण त्याचा स्टड ताणला जातो. इंजिन सुरू करून दोन मिनिटे खाली पुठ्ठा टाकून थेंब पडतो का पाहावे. नंतर सोसायटीच्या आवारातच, चालण्याच्या वेगाने, तीन-चार वेळा ब्रेक लावून पाहावा आणि मगच रस्त्यावर जावे. चाक काढलेले असेल तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत, आणि ते विसरू नये म्हणून मी स्टिअरिंगला सुतळीचा तुकडा बांधून ठेवतो आणि नट तपासल्यावरच तो सोडतो.